ओला उजेड

नुकतेच जेवून उठला असाल, तर हे आत्ता वाचू नका.

माझी कालिंदीआत्या ही हकिकत सांगायची तेव्हा आधी विचारायची, "पोटात काही आहे का रे?" असलं तर सांगायचीच नाही. "उद्या सकाळी ये," म्हणायची. "उपाशी."

ही ऐकीव गोष्ट नाही. आत्या तिथे उभी होती. माझे वडील तिथे होते. दोघंही शिकलेली, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी माणसं.

साल १९६१. शिमगा होऊन आठवडा उलटला होता. ठिकाण, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. वाडीचं नाव मी सांगणार नाही. तिथे आजही माणसं राहतात.

आत्या तेव्हा महाडला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं. माझे वडील, चिंतामणी, तिचे थोरले भाऊ. त्यांचं बाजारपेठेत औषधांचं दुकान होतं. दोघांना एकच नाद. आकाश बघायचा. मुंबईहून आणलेली एक पितळी दुर्बीण होती त्यांच्याकडे, एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्यांची. १९५७ साली रशियाचं यान आकाशात फिरत होतं, ते बघायला अर्धं महाड आमच्या गच्चीवर चढलं होतं म्हणे. तेव्हापासून कुणाला आकाशात काही वेगळं दिसलं, की तो थेट दुकानात येऊन विचारायचा.

महिपती मात्र आकाशाचं विचारायला आला नव्हता.

"शेठ," तो म्हणाला, "दूध नासू नये म्हणून काय औषध हाय का?"

वडील हसले. "उन्हाळा लागला, महिपती. दूध नासणारच."

"उन्हानं नाय नासत. दिसभर बरं असतं. सांजचं नासतं. भात बी तसाच. चुलीवरनं उतरवला की तार सुटते त्याला. ती चांदणी वर आली, की..."

तो थांबला.

आत्या दुकानात आतल्या बाजूला बसली होती. 'चांदणी' म्हटल्यावर ती बाहेर आली.

"कुठली चांदणी?"

महिपती वाडीतला खाऊनपिऊन सुखी शेतकरी. पन्नाशीचा. आवाज मोठा. पण त्या दिवशी तो खाली बघून बोलत होता. दिवाळीपासून रोज दिवस मावळला की त्याच्या घरामागच्या डोंगरावर एक चांदणी लागते. मोठी. पिवळी. जराशी हिरवट. तिच्याकडे बघितलं की मळमळतं. ती लागली की वाडीतलं अन्न आंबतं.

"आणि आता लोक म्हणतात, माज्या सुनंच्या पायानं आली ती," तो म्हणाला. "गेल्या वैशाखात लगीन झालं. आवडी नाव तिचं. पोरगा मोरू मुंबईला गिरणीत. उद्या गावकी बसणार हाय. तिला माहेरी धाडायची म्हणतात. कायमची."

"तुमचं काय म्हणणं आहे?" आत्याने विचारलं.

"माजं कोण ऐकतंय, बाय?"

आत्याला राग आला. एका चांदणीपायी एका पोरीचं घर मोडणार? चांदणी तर तिने तिथल्या तिथे ओळखली होती. त्या फाल्गुनात शुक्र मावळतीला असा काही तळपत होता, की शाळेतल्या मुलीसुद्धा रोज विचारायच्या.

"ती शुक्राची चांदणी आहे," ती म्हणाली. "उद्या मी येते. सगळ्यांना दुर्बिणीतून दाखवते. मग बघू कोण कुणाला घालवतं."

महिपतीने मान हलवली. पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघं एस.टी.ने पोलादपूरला उतरली. पुढे महिपतीबरोबर चढण. वाडीत पोचेपर्यंत उन्हं कलली होती.

दहाबारा घरं. महिपतीचं घर सगळ्यात वर, डोंगराला टेकून. घराच्या बाजूला एक गोठा होता.

गोठ्याचं दार काथ्याने बांधलेलं होतं. एकदा नाही, बऱ्याच वेळा गुंडाळून. गाठीवर गाठ.

"गुरं कुठे?" आत्याने विचारलं.

"खालच्या आवाडात बांधतो हल्ली, दुसऱ्याच्या गोठ्यात," महिपती म्हणाला आणि झपझप पुढे गेला.

त्या दारावरून जाताना आत्याला वास आला.

मेलेल्या उंदराचा येतो तसा नव्हता तो. तो वास गोडसर होता. तंबाखूच्या मिश्रीत पू कालवावा तसा. तो नाकातून थेट घशात उतरला आणि तिथेच चिकटला.

ती थुंकली. पुन्हा थुंकली. चव गेली नाही.

आवडीने पाण्याचा तांब्या आणून दिला. सतरा-अठरा वर्षांची पोर. काळीसावळी, रुंद कपाळाची, शांत. आत्या पाणी प्यायली तेव्हा अंगणातल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आवडीच्या हातचं पाणी वाडीत कुणी पीत नव्हतं, हे आत्याच्या तेव्हा लक्षात आलं.

"घाबरू नकोस गं," आत्या तिला म्हणाली. "आज सगळ्यांना दाखवते, ती नुसती चांदणी आहे."

आवडीने तिच्याकडे बघितलं. रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

दिवस मावळला.

डोंगराच्या वर, निवळत्या आभाळात शुक्र लागला. लख्ख. पांढराशुभ्र.

आत्याने अंगणात घडवंची ठेवून तिच्यावर दुर्बीण टेकवली. शुक्र त्या दिवसांत कोरीसारखा दिसत होता, बारक्या चंद्रासारखा. आधी गावकीचा पुढारी हैबती वाकला. म्हातारा, मिशाळ, कुणावर चटकन विश्वास न ठेवणारा.

"आयला!" तो म्हणाला. "हा तर चंद्राचा पोर हाय!"

मग रांगच लागली. बाप्ये बघून गेले. बायका बघून गेल्या. कुणी हसलं, कुणी नमस्कार केला. वडिलांनी शुक्र म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हैबती चांगला खुलला. घडवंचीच्या कडेवर हात आपटून म्हणाला, "मग ठरलं. चांदणी हाय ती. पोरीचा काय दोष नाय. पोर घरात ऱ्हाईल."

आत्याला इतका आनंद झाला, की ती स्वतः घरात गेली आवडीला सांगायला. अख्ख्या वाडीत एकटी आवडी दुर्बिणीपाशी आलेली नव्हती.

ती चुलीपुढे बसून पेज ढवळत होती.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं, बाय."

"मग ये की बाहेर. बघ तरी."

"ती चांदणी मी रोजच बघते," आवडी म्हणाली. "ती मावळू द्या."

आत्याला वाटलं, पोर लाजते आहे.

पाहुण्यांसाठी कोंबडी कापली होती. अंगणात पानं मांडली. गरम भात वाढला, वर रस्सा. चांदणी ओळखली, आता अन्न नासायचं नाही, अशा भरवशावर सगळे खुशीत होते. कंदील ओट्यावर लांब ठेवला होता, दुर्बिणीला उजेड नको म्हणून.

गप्पा चालू असताना शुक्र डोंगरामागे गेला.

आत्याने तो जाताना बघितला. कडेला टेकला, बारीक झाला, विझला.

आणि...

रातकिडे थांबले.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग कुत्री उठली. भुंकली नाहीत. शेपट्या पायात घालून एकामागोमाग उताराने खाली निघून गेली.

आत्याने घास घेण्यासाठी हात पानाकडे नेला.

तिला स्वतःची बोटं दिसत होती.

कंदील तर लांब होता. चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. शुक्र मावळला होता. मग बोटांवर हा उजेड कुठला...?

पिवळा. जरासा हिरवट. बाणकोटच्या खाडीची मासळी टोपलीत नासली, की अंधारात एक मंद झाक मारते. तसा. आणि ओला. उजेड ओला कसा असेल? पण आत्या दरवेळी हाच शब्द वापरायची. त्या उजेडात सगळ्या वस्तू चाटल्यासारख्या दिसत होत्या.

तिने भातात बोटं घातली.

भात हलला.

घास उचलला तर भाताबरोबर तार आली. लांब, चिकट, बोटापासून पानापर्यंत. रश्श्यावर साय धरावी तसा पातळ पांढरा पडदा धरला होता, आणि त्याच्याखाली काहीतरी श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं.

तिच्या शेजारी वडील भडाभडा ओकले.

त्यांनी एक घास आधीच गिळला होता.

लोक पानांवरून उठले. ओरडलं कुणी नाही. सगळ्यांनी धोतराचे सोगे, पदर नाकाला लावले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. रोजची सवय असल्यासारखे.

आत्याने वर बघितलं.

गोठ्याच्या छपराच्या वर, डोंगराच्या काळ्या अंगावर एक उजेडाचा गोळा होता. आभाळात नव्हेच. डोंगराच्या अलीकडे. चांदणी कधी डोंगराच्या अलीकडे येत नाही.

"दादा," ती म्हणाली, "हा शुक्र नाही."

"मग काय आहे?" वडील तोंड पुसत म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

भीती वाटत होतीच. पण ओळखल्याशिवाय सोडायचं नाही, ही तिची जन्माची खोड. ती दुर्बिणीपाशी गेली. नळी गोळ्यावर धरली.

आत नुसता पिवळा धूर दिसला.

दुर्बीण शुक्रावर बसवलेली होती. आकाशातल्या वस्तूसाठी शेवटची नळी बरीच आत सारलेली असते. जवळचं बघायचं तर ती बाहेर ओढावी लागते. आत्याने थोडी ओढली. धूर जरा दाट झाला. आणखी ओढली.

कड दिसली. ओली, सुजलेली, जांभळट कड.

आणि लगेच पुन्हा धूसर झाली.

तिने नळी आणखी ओढली. पुन्हा स्पष्ट. पुन्हा धूसर. पुन्हा ओढली...

तेव्हा तिला कळलं. नळीत काही बिघाड नव्हता.

ते जवळ येत होतं.

तिला डोळा काढता येईना. नळी ओढत राहिली. कडेच्या आत काळे दात दिसले. मिश्रीने काळे झालेले. पण समोरून दिसतात तसे नव्हते. गालातून दिसत होते. गालाला रुपयाएवढं भोक होतं, भोकाच्या कडा कुजून लोंबत होत्या. त्या भोकातून पिवळा रस गळत होता. तो रसच उजेड देत होता. आत जीभ होती. अर्धी. ती अर्धी जीभ हलत होती. लहान मुलाला घास दाखवला, की त्याची हलते तशी.

तिसरी नळी संपली. आणखी ओढायला काही उरलं नाही.

चित्र धूसर झालं ते झालंच.

टप्...

दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर काहीतरी पडलं.

आत्या मागे कोसळली. वडिलांनी तिला धरलं. तिचा आवाज स्पष्ट होता. तिने भिंतीला लागून उभ्या असलेल्या माणसांना विचारलं,

"तुमच्यात गालाला भोक पडून कोण मेलं?"

सगळ्यांच्या माना महिपतीकडे वळल्या.

महिपती मटकन खाली बसला.

"सांगा ना! डाव्या गालाला. कोण होतं ते?"

"प्रयागबाय," शेवटी हैबती म्हणाला. नाकावरचा सोगा त्याने काढला नव्हता. "ह्येची बायको."

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. प्रयागबाईला पावसाळ्याच्या आधी गालात गाठ आली. गाठ फुटली. गाल सडला. घरात वास मावेना. लोक महिपतीच्या दारावरून जाईनात, त्याच्या घरचं पाणी पिईनात. मग महिपतीने तिला गोठ्यात ठेवलं. गुरं हलवली. दार बाहेरून बांधलं. करवंटीत पेज घालून ती काठीने फळीच्या फटीतून आत सारायचे. ती चावायला गेली की गालातून बाहेर यायचं सगळं. भूक मात्र शेवटपर्यंत होती. दिवसरात्र मागायची. शब्द नीट फुटायचे नाहीत, पण मागते आहे ते कळायचं.

आवडी एकटी चोरून आत जायची. शेजारी बसून भरवायची. ते कळलं तसं तिला बंदी झाली, रोग घरात येईल म्हणून. महिपतीने दाराला आणखी काथ्या गुंडाळला.

त्यानंतर प्रयागबाई फार दिवस जगली नाही; दिवाळीच्या आधीच गेली. त्या दिवसांत काठीही कुणी सारली नव्हती.

"सहन व्हत नव्हतं, बाय," महिपती रडत म्हणाला. "तिच्याकडं बघवत नव्हतं. मला ओकारी यायची. माजीच बायको, पण मला ओकारी यायची."

उजेड आता दुर्बिणीपासून सरकून गोठ्याच्या छपरावर टेकला होता. कौलांवरून काहीतरी जाड गळत होतं. आणि आवाज येत होता.

चप्... चप्... चप्...

रिकाम्या तोंडाचा.

तेवढ्यात आवडी घरातून बाहेर आली. हातात पेजेचं वाडगं. तिने कुणाकडे बघितलं नाही. नाकाला पदर लावलेला नव्हता. गोठ्याच्या दारापुढे जाऊन ती मांडी घालून बसली.

"ये, आय," ती म्हणाली. सासूला ती आयच म्हणायची. "आज मऊ केलीय."

उजेड छपरावरून खाली उतरला.

आत्याला नीट दिसलं नाही, किंवा तिने नीट बघितलं नाही. तिला आवडीचा हात दिसत होता. हात वाडग्यात जायचा, घास घेऊन वर यायचा आणि उजेडात शिरला की मनगटापर्यंत दिसेनासा व्हायचा. मग पुन्हा बाहेर. ओला. बोटांना पिवळं माखलेलं. तोच हात पुन्हा वाडग्यात.

चावण्याचा आवाज. गिळण्याचा आवाज. अर्धं बाहेर सांडल्याचा आवाज.

मध्येच आवडीने पदराचं टोक घेतलं आणि समोरची हवा पुसली. हळूच. आधी वर, मग डावीकडे, जरा जपून. दुखू नये म्हणून.

आत्या म्हणायची, त्या क्षणी तिच्या लक्षात आलं, की आपणही नाकाला पदर लावून उभ्या आहोत. तिने तो काढायचा प्रयत्न केला. हात हलला नाही.

वाडगं संपलं. उजेड मंद होत गेला. मग राहिला तो अंधार, आणि थोड्या वेळाने, एकेक करून, रातकिडे.

आवडी उठली. हात धुवायला न्हाणीकडे निघाली, तशी सगळी वाडी बाजूला सरली.

हैबती पुढे झाला. "बाय, ही पोर आमाला नको," तो आत्याला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

"अहो, मघाशी तुम्हीच म्हणालात, पोर घरात राहील!"

"मगाशी ती चांदणी होती."

"तिने काय केलं? तुम्ही जे केलं नाही तेवढंच तिने केलं ना?"

"तिच्या हाताला ते लागलंय," हैबती म्हणाला. "त्या हाताचं आमी खायाचं?"

महिपतीने तोंड फिरवलं.

ती दोघं आवडीला घेऊन त्याच रात्री खाली पोलादपूरला उतरली आणि पहाटेच्या गाडीने महाडला आली. वडिलांनी काचेवरचा तो डाग कापसाने टिपून ओळखीच्या डॉक्टरांना नेऊन दाखवला, कशाचा ते न सांगता. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि म्हणाले, "पेशंटला लगेच मुंबईला न्या. तोंडाचा आहे ना हा पू? मिश्री लावणारी कुणी बाई आहे का?"

वडिलांनी 'हो' म्हटलं आणि परत आले. त्या काचेवर नंतर कितीही स्पिरिट घासलं, तरी वास गेला नाही. आत्याने दुर्बीण सावित्री नदीच्या डोहात टाकली. पुन्हा तिने आकाशाकडे बघितलं नाही.

मोरू मुंबईहून आला. सरळ मुलगा. आईचं काय झालं ते त्याला कुणी कळवलंच नव्हतं. 'तापाने गेली' एवढंच सांगितलं होतं. तो वाडीकडे गेलासुद्धा नाही. आवडीला घेऊन तो मुंबईला परतला. त्यानंतर वाडीत तो उजेड दिसला नाही. महिपतीने येऊन सांगितलं. दूध टिकतं, भात बरा होतो. सांगताना तो हसला. आत्याने त्याला दुकानातून निघून जायला सांगितलं.

इथे गोष्ट संपावी असं मला वाटायचं.

पण काही वर्षांनी वडील औषधांच्या खरेदीला मुंबईला गेले होते. मोरूच्या चाळीचा पत्ता होता, म्हणून भेटायला गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारची एक बाई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. रंगूबाई की काय नाव तिचं. ती म्हणाली, "मोरू ना? गेले ते दुसरीकडे. माणसं चांगली होती हो. बायको तर लाखात एक. सासूचं किती करायची! स्वतःच्या हाताने भरवायची रोज संध्याकाळी."

वडिलांनी दारावरच्या कुलपाकडे बघितलं.

"पण एक सांगा," ती बाई तांदळातला हात थांबवून म्हणाली, "तुम्ही गावाकडचे ना? ती म्हातारी दिसायची कशी हो? इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो... आम्ही तिचं फक्त खाणं ऐकलं."

वडिलांनी काय उत्तर दिलं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मोरू आणि आवडी पुढे कुठे राहायला गेली, हे त्या बाईलाही माहीत नव्हतं.

मीही आता मुंबईतच राहतो. चाळी पडल्या, टॉवर झाले. आमच्या मजल्यावर मागच्या महिन्यात एक म्हातारी बाई राहायला आली आहे. एकटीच असते. काळीसावळी, रुंद कपाळाची, शांत.

मी तिला अजून नाव विचारलेलं नाही.